सूज खय आसा?

लेकीच्या डोळ्यांच्या आतला दाह जुनाच. थेंब वर्षानुवर्षं चालू होते आणि बाहेरून डोळे अगदी झकास दिसत. त्या खेपेला मात्र डॉक्टरीणबाईंनी औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "नस डोळ्यात शिरते तिथे सूज आलीय. ती तशीच राहिली तर नजर कायमची कमी होईल."

मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला, म्हणजे ही करामत दाहाचीच. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, शिवाय दर शनिवारी पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन. ते मी घरीच द्यायचं. शिकले. लेक ओरडायची, "आई, तू मुद्दाम जोरात टोचतेस!" मी म्हणायचे, "हो, पगार मिळतो ना त्याचा."

सासूबाई मालवणच्या. घाटकोपरच्या आमच्या खिडकीशी नातीला उभं करून त्यांनी दोन्ही डोळे तपासले.

"सूज खय आसा? डोळो तर बरो दिसता."

"आत आहे, आई. मागच्या बाजूला."

"अशी कशी आत?" सूज म्हणजे दिसायला हवी, असं त्यांचं ठाम मत.

गोळ्यांनी लेकीचे गाल टम्म फुगले. मी काळजीत, पण सासूबाई खूश. "बघ, सूज भायर इली! आता गोळये बंद कर."

"आई, गाल गोळ्यांमुळेच फुगलेत. आणि डॉक्टरांना न विचारता या गोळ्या एकदम सोडल्या तर पोरीची वाट लागेल."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी गोळ्यांचा डबा उचलून माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. रोज सकाळी खाल्ल्यावर गोळी मीच द्यायचे.

पुढच्या तपासणीला नसेचे पुन्हा फोटो काढले. डॉक्टरीणबाई जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून बघत होत्या. मग त्या हसल्या. "उतरलीय. गोळ्या हळूहळू कमी करू. इंजेक्शन मात्र चालू राहील."

"श्शी," लेक म्हणाली.

घरी येताच तिने ओरडून सांगितलं, "आजी, आतली सूज गेली!"

सासूबाईंनी तिचा गाल चिमटीत धरला आणि माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "मी सांगलंय ना, ती भायर इली म्हणान?"

शनिवार होता, मी इंजेक्शन भरायला घेतलं.