साळवे काकांनी पास केलेलं घड्याळ

साळवे काकांच्या नावावर मी एकदा खोटं बोललो. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

भोसरीच्या कंपनीत ते इन्स्पेक्शनला, मी स्टोअरमध्ये. ते निवृत्त झाल्यावर रहाटणीला त्यांच्या घरी दर रविवारी जुन्या घड्याळांचे शौकीन जमायचे. घड्याळ हातात आलं की काका ते आधी कानाला लावून डोळे मिटत. मध्येच कुणी बोललं तर म्हणत, "थांब रे, ते बोलतंय." मग भिंग. मूळ भाग कुठले, बदललेले कुठले, हे फुकट सांगत. चहा मात्र आपल्यालाच करायला लावत. घासून चकचकीत केलेलं घड्याळ पाहिलं की हळहळत, "कडा गेल्या राव! साबणाची वडी केली याची."

एकदा मी हौसेनं चावीचं घड्याळ घेतलं. एकदम ओरिजनल, असं मंडळींना आधीच सांगून बसलो होतो. काकांना दाखवलं तेव्हा नशिबानं आम्ही दोघंच होतो.

"मशीन चांगलंय. तबकडी नव्यानं रंगवलीय. हे मिनिटांचे ठिपके बघ, आकड्यांसमोर येतच नाहीत."

"लांबून कळत नाही पण."

"लांबून तुझे केसही काळेच दिसतात की!"

हसलो, पण मनाला लागलं. चिखलीत वर्कशॉप असलेल्या नितीनला तसलंच घड्याळ हवं होतं. त्याच्या वडिलांचं हरवलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "काकांनी पाहिलं का?"

"पास केलंय," मी म्हणालो आणि घड्याळ त्याला विकलं. आपण फसलो हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

पुढे एका रविवारी नितीन तणतणत आला. दुरुस्तीवाल्यानं तबकडी रंगवलेली असल्याचं सांगितलं होतं. "काका, तुमच्या शब्दावर घेतलं मी!"

काकांनी घड्याळ ओळखलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा गोळा करायला लागलो.

"नजर चुकली असेल, भावा," ते नितीनला म्हणाले. "वय झालं आता."

हळूहळू माणसं यायची थांबली. 'काकांचे डोळे गेले' म्हणायची, आणि मी मान डोलवायचो. मला मात्र ते बोलावतच राहिले. एकदा मी विषय काढायला गेलो, तर म्हणाले, "आधी चहात साखर घाल, मागच्या वेळी विसरलास."

गेल्या वर्षी काका गेले. त्यांची नजर चुकली नव्हती, हे नितीनला आणि त्या रविवारच्या मंडळींना समोर उभं राहून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे. इथे लिहून ते फिटत नाही.