विनिपेगमध्ये आईला अटक झाली तेव्हा

लातूरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली आणि आप्पांनी, माझ्या वडिलांनी, खिडकीशी येऊन शेवटची सूचना दिली, "खाकी दिसली की वाट बदलायची, बाई. परमुलूख हाय." लातूर जिल्हा होऊन चार-दोन वर्षंच झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून ताजा होता, पण पावसानं पाठ फिरवली होती. आई शेजारी उभी होती. चाकूरजवळच्या आमच्या गावात टँकर येणार होता आणि तिच्या घागरी रांगेत होत्या. तिचं अर्धं मन तिकडंच.

मी नर्सिंग शिकलेली, यजमान लेथवर काम करणारे. कॅनडात दोघांनाही काम होतं, म्हणून निघालो. गावी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी आज हे लिहितेय.

आप्पांची भीती उगाच नव्हती. त्याच उन्हाळ्यात, आम्ही निघण्याआधी, टँकरपाशी भांडण झालं आणि माझ्या चुलत्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. आप्पा दिवसभर बाहेर लिंबाखाली उभे राहिले. का धरलं, हे विचारायची हिंमत ना त्यांना झाली, ना आम्हाला. संध्याकाळी सोडलं. का सोडलं, तेही कुणी विचारलं नाही.

काही वर्षांनी आप्पा गेले आणि आई माझ्याकडं विनिपेगला आली. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तरी शेजारच्या मार्गारेटशी तिचं कुंपणावरून जमलं. इकडून धपाटे जायचे, तिकडून सफरचंदाचा मुरंबा यायचा.

एका दुपारी मी दवाखान्यात ड्युटीवर होते. मार्गारेटचा नवरा तिला अंगणात मारत होता. तिचा गळा त्यानं धरलेला आईला दिसला. दाराशी बर्फ ओढायचं फावडं होतं. आईनं ते उचललं, कुंपण ओलांडलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. तो खाली बसला. आईनं फावडं टाकलं आणि मार्गारेटला आमच्या घरात आणून कडी लावली.

पोलिसांना बोलावलं ते त्यानंच. मार्गारेट भीतीनं गप्प राहिली आणि आईला अटक झाली. आरोप होता, शस्त्रानं मारहाण.

मी ठाण्यात धावत पोचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं लिंबाखालचे आप्पा होते. आत एक तरुण पोलीसबाई आईशी फोनवरच्या दुभाष्यामार्फत बोलत होती. मराठी दुभाष्या मिळाला नव्हता, उर्दूचा मिळाला होता. आमच्या आईला ते सोपं. आमच्याकडं बाजारातली अर्धी भाषा दखनी उर्दूच. पोलीसबाई एकेक वाक्य सावकाश सांगत होती: तुम्हाला का अटक झाली आहे, वकिलाशी बोलायचा तुम्हाला हक्क आहे, वकील परवडत नसेल तर फुकट मिळेल, काही सांगायलाच पाहिजे असं नाही.

"चुप कायकू बैठूं?" आई म्हणाली. "मैंइच मारी. छोड देती क्या उसकू?"

दुभाष्यानं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ही तर कबुलीच झाली. पण पोलीसबाईनं हात वर केला. "आत्ता नको. आधी वकिलाशी बोला, मग काय ते ठरवा."

जिनं आईला धरलं होतं, तीच तिला थांबवत होती. 

झडतीत गळ्यातली चांदीची डबी निघाली. आत इष्टलिंग. आम्ही लिंगायत, ते जन्मभर अंगावरच असतं. आईनं ती मुठीत धरली. "मेले तरी उतरणार न्हाई." मी पोलीसबाईला समजावून सांगितलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "त्यांनाच उघडून दाखवू दे." आईनं उघडली. पोलीसबाईनं हात न लावता पाहिलं आणि मान हलवली.

तारखेला कोर्टात हजर राहीन आणि त्या घरातल्या कुणाशी बोलणार नाही, या अटींवर आईला त्याच संध्याकाळी सोडलं. सरकारी मदतीतून मिळालेली वकीलबाई पुन्हा पुन्हा एकच विचारायची: तो खाली बसल्यावर परत मारलंत का?

"बसल्यावर कशाला मारू?" आई चिडली. "तिला सोडवायचं हुतं, त्याला मारायचं न्हवतं."

"हाच तुमचा बचाव," वकीलबाई म्हणाली. दुसऱ्याला वाचवायला गरजेपुरतं बळ वापरलं तर इथला कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही. पण साक्ष मार्गारेटचीच होती. मी तिच्याकडं जायला निघाले तर वकीलबाईनं अडवलं. साक्षीदारावर दबाव आणणं हा आणखी वेगळा गुन्हा. मी रोज मार्गारेटच्या बंद खिडकीकडं पाहून कुढायची. आई कुढली नाही.

"तिला भ्या वाटत असंल. वाटू दे. मी हाय की उभी."

बर्फ वितळल्यावर मार्गारेट स्वतःहून पोलिसांकडं गेली आणि सगळं बोलली. सरकारी वकिलांनी खटला मागं घेतला. कोर्टात सगळं इतकं पटकन उरकलं की आई रुसली. "मला कुणी इचारलंच न्हाई!"

वकीलबाई हसली. "गुन्हा त्यांना शाबीत करायचा असतो, आजी. तुम्हाला काहीच शाबीत करायचं नव्हतं."

हे वाक्य मी आप्पांना सांगू शकले नाही, याची हळहळ वाटते. इथंही सगळं गोड नाही. ठाण्यातल्या बाकावर इथल्या मूळ रहिवासी जमातींची माणसं जास्त दिसतात, हे मी पाहिलंय. तरी त्या दिवशी या मुलुखाबद्दल मनात जो आदर बसला, तो उठला नाही.

नोकरी संपल्यावर मी मराठी दुभाषी झाले. नियम कडक असतो: आपलं काही बोलायचं नाही, कानावर पडेल ते सगळं भाषांतर करायचं. मागल्या हिवाळ्यात नांदेडकडची एक सून ठाण्यात आणलेली. मान खाली घालून बसली होती. पोलीस अधिकारी बोलत होता तसं मी तिला वकिलाचा हक्क, गप्प राहायचा हक्क सांगत होते, तेवढ्यात तिनं मान वर केली.

"बाई, तुमी आपल्याकडच्या का वो?"

नियमाप्रमाणं मी तो प्रश्न इंग्रजीत सांगितला. पोलीस अधिकाऱ्यानं आम्हा दोघींकडं पाहिलं. "याचं उत्तर तुम्हीच द्या," तो म्हणाला.

"चाकूरची हाय मी," मी म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नीट बसली. "मग सांगा परत," म्हणाली, "आता समजंल."