काडी आत्या

लग्नघरात वडगावची आत्या शिरली की बायका पदर आवरून बसायच्या. ती शेजारी येऊन गोड बोलत पदराच्या दशीतला एक धागा खुडायची आणि सगळ्यांदेखत काडी ओढून तो पेटवायची. केस जळाल्यासारखा वास येऊन राख झाली, तर रेशीम. वितळून टणक गोळी झाली, तर, "प्लास्टिक नेसून आलीया बघा!" माझ्या साखरपुड्यात तिने माझ्या होणाऱ्या सासूचाच धागा पेटवला. सासूबाई ते अजून ऐकवतात. सगळे तिला काडी आत्या म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि कौतुकाने नव्हे.

तिच्या हातमागावर रेशमी साड्या निघायच्या. मुलाने तो माग मोडला, त्या जागी यंत्रमाग बसवले आणि पॉलिएस्टरचं सूत चढवलं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पण ताट आपटून.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एकदा न राहवून म्हटलं, "आत्या, बारीक बारीक रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळी झाली की तिला पॉलिमर म्हणतात. पॉलिएस्टर तसंच, आणि तुझं रेशीमही तसंच. कापूस, केस, भातातला स्टार्च, सगळे पॉलिमरच."

"किड्याचं सूत आणि कारखान्याचं सूत एकच व्हय गं? लई शिकून येडी झालीस."

मग मी हट्टाने तिच्या घरातलेच पॉलिमर दाखवले. चपला, वाळवणाची दोरी, कुकरची रिंग, बादली. तिने एकेक वस्तू गल्लीत भिरकावली. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, तेव्हा बादली तेवढी गुपचूप आत आली. मी हसले, तर महिनाभर माझ्याशी अबोला.

गेल्या वर्षी तिच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली. डॉक्टर म्हणाले, फुटली तर वाचणार नाहीत. तिथे विणलेली नळी शिवावी लागेल.

"कशाची?" आत्याने विचारलं.

"पॉलिएस्टरची."

मी हात जोडले. मुलगा तर पायांवर डोकं ठेवून रडला. "आई, व्हय म्हण. न्हायतर शिव्या दे, पर बोल."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ज्या सुतानं माझा माग खाल्ला, त्येच्या आधारानं जगू? सांग त्या पोराला, न्हाय जमायचं." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्ही रोज जाऊन विनवलं, ओरडलो, भांडलो. काही उपयोग झाला नाही. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

तेराव्याला जमलेले लोक म्हणाले, बाई मोठी मानी. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मानी कसली, दुष्ट होती! सुताशी वैर होतं तर सुताशी धरायचं. पोटच्या पोराशी शेवटचा एक शब्दही बोलली नाही ती. मी तिला माफ केलेलं नाही. ती नळी पोटात घालून, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, ती अजून जगायला हवी होती.