झेंडूचा पराग

आमच्या विभागप्रमुख सरांना विज्ञानातलं काय कळत होतं? डोंबल! फोटोतलं मात्र लई कळत होतं. ओतूरच्या कॉलेजात मी शिकवत होते, पीएचडीही त्यांच्याच हाताखाली करत होते. माझा विषय कारवीचे परागकण. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या साली घाटघरच्या डोंगरावर ती फुलली तेव्हा पावसात, पायाच्या जळवा काढत मी फुलं गोळा केली. हा बहर हुकला असता तर माझी पदवी सात वर्षं लांबली असती.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर आम्हाला एकच दिवस मिळाला होता. धुळीच्या कणाचा धोंडा करून दाखवणारं यंत्र ते. नमुना कोरडा आणि स्वच्छ लागतो, नाहीतर कचराच मोठा होऊन दिसतो. मी परागकण बटणाएवढ्या धातूच्या चकत्यांवर चिकटवले, चकत्या डबीत बंद केल्या आणि सरांना बजावलं, की डबीला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्रा-हत्यारांची पूजा व्हावी, याला माझी ना नाही. आमच्या घरीही ट्रॅक्टरला हार पडतो. पण सरांनी पूजेत डबी उघडून मांडली, कारण बंद डबीचा फोटो चांगला येत नाही. वर हळद-कुंकू, वर झेंडूच्या पाकळ्या. मी तास संपवून आले तर सर चकत्यांवर फुंकर मारत होते. म्हणे, फारसं काही पडलं नाही. एवढा शिकलेला माणूस, आणि अक्कल अशी! नवे नमुने करावेत तर उरलेल्या फुलांना बुरशी लागलेली. मी मुकाट्यानं तीच डबी घेऊन एसटीत बसले.

पुण्यात चकत्यांवर सोन्याचा पातळ थर दिला आणि पडद्यावर काटेरी चेंडू उमटले, एकापेक्षा एक देखणे. यंत्र चालवणारे गृहस्थ वाहवा करत होते. मी मात्र पडद्याजवळ सरकले. कारवीचा कण लांबट असतो, अंगावर उभ्या रेघा. साध्या सूक्ष्मदर्शीतून मी तो शेकडो वेळा पाहिला होता. इथं तो हळदीखाली गाडला गेला होता. समोर होता तो झेंडू.

सरांना सांगितलं. त्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला. खूश झाले.

"बाई, कारवी आता सात वर्षांनी फुलणार," ते म्हणाले. "तोवर तपासायला कोण येतंय?"

तोच फोटो कारवीचा म्हणून घालून आमचा लेख छापून आला. तपासणाऱ्या विद्वानांनी डोळे मिटून माना डोलावल्या. कारवी बघायला डोंगर चढलंय कोण त्यांच्यातलं? मला पदवी मिळाली. सर निवृत्त झाले, तो फोटो फ्रेम करून घरी घेऊन गेले. मी त्यांना आजही मनातल्या मनात शिव्या घालते.

यंदा कारवी पुन्हा फुलली. परवा एका अनोळखी विद्यार्थिनीचा मेल आला. तिनं चार वेळा नमुने केले, पण तिचे परागकण लांबटच दिसतात, आमच्या फोटोसारखे येत नाहीत. तिच्या गाइडनं तिचं काम फेटाळलंय. तिनं फार नम्रपणे विचारलंय, "मॅडम, माझं नेमकं कुठं चुकतंय?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.