जी, के, एस आणि अर्धविराम

गणपतीला सहा दिवस उरले होते आणि भर दुपारी मी बाबांच्या कॉम्प्युटरची वाट लावली. रागाच्या भरात नव्हे, साफसफाईच्या भरात. गणपतीच्या आधी आमच्या बोरिवलीच्या घरात मी जी आवराआवर काढते तिची आई धास्तीच घेते. "हिच्यासमोर जास्त येळ बसू नको, तुका पण भंगारात घालतली," असं ती आल्यागेल्याला सांगते. मला जुनं साचलेलं बघवत नाही, हे खरंच आहे. माळा झाला, कपाटं झाली, फ्रिजच्या मागची जागा झाली आणि मग माझी नजर कोपऱ्यातल्या त्या पेटीवर गेली.

गिरणी बंद पडल्यावर बाबा पन्नाशीच्या अलीकडे मराठी टायपिंग शिकले. वाकोल्याच्या चाळीत, पोटमाळ्यावर पाय दुमडून बसून त्यांनी कित्येक वर्षं लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल टाइप केले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, चालणारे हात कीबोर्डवर आले, इतकंच. पुढे आम्ही बोरिवलीला आलो, मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि त्या कॉम्प्युटरवर मी त्यांच्यासाठी नवी सिस्टिम घालून दिली. बाबांनी ती घेतली, पण जुनी काढू दिली नाही. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची जुनी, खालची नवी. कुठे जायचं ते सांगा, म्हणून तो थांबून राहायचा. बाबा वरच्या ओळीत जायचे, मी खालच्या. एकाच घराला दोन दारं असावीत आणि दोघांनी आपापल्या दारानं ये-जा करावी, तसं आमचं चाललं होतं.

माघात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं कळतं, पेपर वाचतात, आईनं आमटीत मीठ जास्त घातलं तर डोळे वटारतात, पण शब्द बाहेर येत नाही. त्यामुळे वरच्या ओळीत जाणारं आता कोणी नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. जुन्या सिस्टिमचा भाग उघडला, सगळं निवडलं आणि काढून टाक म्हटलं. काही फायली सिस्टिमच्या आहेत, खरंच काढायच्या का, असं त्यानं दोनदा विचारलं. मला दोनदा विचारलेलं आवडत नाही.

मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली. सुरू होण्यासाठी लागणारी फाईल सापडत नाही, या तीन कळा दाबा. दाबल्या. पुन्हा तीच ओळ. पाच-सहा वेळा मी त्या कळा दाबल्या असतील, शेवटी शेवटी तर बऱ्याच जोरात.

आई चवळी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्येंचा गाऱ्हाणा त्येच्यातच हा ना गो?"

मी पुन्हा त्या तीन कळा दाबल्या.

आमच्याकडे गणपती बसला की आरतीनंतर गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष देवासमोर उभा राहतो, नारळ ठेवतो आणि देवाशी बोलतो. एकेका माणसाचं नाव घेऊन काय हवं-नको ते मागतो, चुकलंमाकलं पदरात घे म्हणतो. त्याचं एक मागणं संपलं की मागे उभे असलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. बाबांचं गाऱ्हाणं त्यांच्या आजोबांपासून आलेलं. त्यात गावच्या देवाच्या सीमा होत्या, गिरणी होती, चाळ होती, परीक्षेला बसलेली मी होते. दरवर्षी ते तोंडपाठ म्हणायचे आणि आम्ही मागून होय भरायचो. लहानपणी मला त्या होय म्हणण्यातच सगळी मजा वाटायची, मधलं मी कधी नीट ऐकलंच नाही. बरीच वर्षं झाली, बाबांनी ते टाइप केलं आणि मला बोलावून दाखवलं होतं. "हयसर ठेवलंय. कधी लागला तर." मी हसून म्हटलं होतं, "बाबा, देवाला प्रिंटआउट देणार का?" तेही हसले होते. मी ते वाचलं मात्र नाही.

यंदा ते कोण घालणार, यावरून आधीच मुलुंडहून काकांचा फोन येऊन गेला होता. ते स्वतः येणार होते. "चेडू कसा गाऱ्हाणा घालतला गो? माका काय तुमचा पाठ नाय, पण माझा घालतंय," असं म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी तावातावानं सांगितलं होतं की आमच्या घराचं गाऱ्हाणं आमच्या घरात आहे आणि ते मीच घालणार. आणि आता ते त्या पेटीत होतं, पेटी मेली होती, मारली मी होती. फाईल बाबांनी कुठल्या भागात ठेवली होती हेही मला ठाऊक नव्हतं. कदाचित ती सिस्टिमबरोबरच गेली असेल. मी बाबांकडे बघायचं टाळलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते आणि पडदा वाऱ्यानं त्यांच्या गुडघ्यांवर येत-जात होता.

फोनवर शोधत बसले तेव्हा काय झालं ते हळूहळू कळलं. नवी सिस्टिम जागच्या जागी शाबूत होती. पण सकाळी तिला उठवणारी फाईल मुळात जुनीच्याच भागात राहत होती. वाकोल्याला आमच्या घराची चावी कायम शेजारच्या मावशींकडे असायची, तसंच हे. मी मावशींना चावीसकट घराबाहेर काढलं होतं.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांच्या सगळ्या सीडी असतात. त्यात नव्या सिस्टिमची निघाली, वर त्यांच्या गोल अक्षरात 'लेकीची' असं लिहिलेलं. ती घालून कॉम्प्युटर उठवला. काळ्या चौकटीत चार ओळी लिहून, कुठल्या भागातून उठायचं ती खूण जुन्यावरून काढून नव्यावर ठेवली आणि दुरुस्ती चालू केली. ती एकदा करून भागत नाही, तीनदा करावी लागते, असं लोकांनी लिहून ठेवलं होतं. पहिल्यांदा पडद्यावर एक हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहिली आणि शेवटी जमलं नाही म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा लावली आणि मी टेबलावर डोकं टेकलं.

श्रावण सरत आलेला, ऊन येत होतं, जात होतं. पंख्याचा आवाज, आईच्या ताटात पडणाऱ्या चवळीचा आवाज, कॉम्प्युटरची घरघर. ती घरघर कधी होडीच्या इंजिनची झाली मला कळलं नाही. मार्व्याहून मनोरीला जाणारी फेरी होती. बाबा फळीवर बसले होते, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, आणि होडीवाल्याशी भरभरून बोलत होते. दोन्ही हात हलवत बोलत होते. पाणी हिरवंगार होतं, पलीकडचा किनारा जवळ होता आणि तरी जवळ येत नव्हता. इंजिनमुळे मला एक अक्षर ऐकू येईना. मी चिडून ओरडले, "मोठ्यानं बोला ना बाबा!" ते माझ्याकडे वळले, हसले आणि बोलतच राहिले. त्यांचे ओठ हलताना मी किती महिन्यांनी बघत होते. मला वाटलं, नाही ऐकू आलं तरी चालेल, फक्त ही होडी पोचू नये.

"गो, ता बघ काय दिसताहा," आईनं हलवलं.

पडद्यावर नव्या सिस्टिमचं निळं पान उघडलं होतं. गालावर कीबोर्डच्या कळांचे वळ घेऊन मी आधी फाईल शोधली. जुन्या भागात नव्हती, बाबांनी ती पत्रिकांबरोबर वेगळ्या भागात ठेवली होती. 'गाऱ्हाणे', असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव. जीव भांड्यात पडला. मी फाईल उघडली.

आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. पानभर इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस, कसलाही अर्थ नसलेली. ज्या फॉन्टमध्ये बाबांनी ते लिहिलं होतं तो जुन्या सिस्टिममध्ये राहत होता आणि तो मी माझ्या हातानं झाडून टाकला होता. फॉन्टचं नाव मला माहीत नव्हतं. कोणा छापखानावाल्यानं तो बाबांना दिला होता, तो छापखाना केव्हाच उठला. नेटवरून चार फॉन्ट उतरवून पाहिले, प्रत्येकानं वेगळाच गोंधळ घातला. शेवटी मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. बाबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून सांगितलं, "बाबा, मी तुमचं गाऱ्हाणं घालवलं."

त्यांनी डाव्या हातानं कॉम्प्युटरकडे बोट केलं. मी खुर्ची ओढत नेली.

ते पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचा डावा हात टेबलावर आला आणि बोटं हलू लागली, जागच्या जागी, कळा दाबल्यासारखी. उजवा हात मांडीवर पडून होता. बाबांना ते पान गचाळ दिसतच नव्हतं. त्यांच्या लेखी त्या कळाच होत्या, त्यांनीच दाबलेल्या. त्यांनी प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटावर बोट ठेवलं. सगळीकडे तेच होतं. जी, के, एस, अर्धविराम. मोकळी जागा. मोठा ई, जी, के, जे, के, टी, के. मी खुळ्यासारखी बघत होते. पुन्हा पुन्हा तेच, दर मागण्याच्या शेवटी.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

बाबांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या. म्हणजे बरोबर. चुकलं की एक.

जन्मभर मी त्या गाऱ्हाण्यातलं जेवढं लक्ष देऊन म्हटलं होतं तेवढंच आता हाताशी होतं आणि त्यानंच दार उघडलं. जी म्हणजे ह, के म्हणजे काना, जे म्हणजे र. सुरुवातीला 'बा देवा म्हाराजा' असणार, म्हणजे ब, द, व मिळाले. पुढे अडलं की बाबा खोलीतली वस्तू दाखवायचे. पत्र्याच्या डब्याकडे बोट केलं की ड. आई मधूनच येऊन, "पंख्याक दाखवतत, प असतला," म्हणायची आणि चवळी विसरून उभी राहायची. चार दिवस, रोज ग्रंथालयातून आल्यावर जेवणवेळेपर्यंत आम्ही तेच करत होतो. कागदावर एकेक ओळ मराठीत उतरत होती. गावच्या सीमा आल्या, गिरणी आली. आईच्या गुडघ्यांसाठी एक अख्खं वाक्य निघालं, तेव्हा ती लाजली. इतकी वर्षं बाबा इतके बोलत होते आणि मी फक्त होय म्हणत होते, याचं मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी ग्रंथालयातही बोटांनी टेबल वाजवत बसायचे.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक शब्द होता. पी, एस, मोठा एम, डब्ल्यू. एस म्हणजे मात्रा आणि मोठा एम म्हणजे ड, हे माहीत होतं. पी अडला. बाबांनी स्वतःच्या चष्म्याला हात लावला. च. चेड... मी थांबले.

"चेडू?"

दोन टिचक्या.

पुढचं वाचायला मला वेळ लागला, अक्षरांमुळे नाही. ते वाचून झाल्यावर मी मुलुंडला फोन केला. काकांना म्हटलं, "तुम्ही या, पण मागे उभे राहा. बाबांनी लिहून ठेवलंय." वाचून दाखवलं. काका म्हणाले, "बरा. नारळ मी घेऊन येतंय."

चतुर्थीला आरती झाली. काका मागे, आई बाजूला, तिच्यामागे खुर्चीत बाबा. मी हातात कागद घेतला, नारळ ठेवला आणि बाबांसारखं, जरा खालच्या आवाजात सुरुवात केली. आई आणि काका मोठ्यानं होय भरत होते. मग ती ओळ आली, बरीच वर्षं आधी, धडधाकट असताना, हसत हसत बाबांनी टाइप केलेली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घराचा चेडू तुझ्यासमोर उभा हा. मी बोलूक नसलंय तरी तेच्या तोंडातसून मीच बोलतंय, असा समजान घे रे म्हाराजा."

या वेळी होय कुणीच भरलं नाही. मी कागदाकडे बघत उभी राहिले आणि मग मागून, खुर्चीच्या दांड्यावर, दोन टिचक्या ऐकू आल्या.