काचेपलीकडचं लांबडं

आमच्या घरात सापाचं नाव घेत नाहीत. टीव्हीवर दिसला तर कुणीतरी उठून चॅनल बदलतं. घोटावड्यात भाताच्या दिवसांत साप निघणं काही नवीन नाही, पण शेजारचं कुणी ते सांगायला आलं तरी सासूबाईंसमोर ‘लांबडं’ एवढंच म्हणतं, तेही आवाज खाली आणून.

मी मूळची नांदेडकडची. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा याच घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती, आणि पुढे याच घरात सून म्हणून आले. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचा मधला मुलगा साप चावून गेला हे मला भाडेकरू असतानाच कळलं होतं. तिसरीत होता तो. जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, मग त्याच्या पापण्या जड झाल्या, आणि पौडच्या दवाखान्यातून पुण्याला नेत असताना वाटेतच गेला. माझा नवरा त्याच्याहून मोठा, तेव्हा आठवीत. त्याने त्याच दिवशी घरामागच्या पेंढ्याच्या गंजीतून साप हुडकून काढला आणि काठीने मारला. ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हमखास ऐकवली जाते. विशेषतः चुलत सासरे ती रंगवून सांगतात. एवढंसं पोर, पण भावाचा वैरी सोडला न्हाई, असं म्हणून ते मांडीवर थाप मारतात. माझा नवरा स्वतः ती कधीच सांगत नाही. कुणी सुरू केली की उठून जातो. मला वाटायचं, त्याला भावाची आठवण सोसत नाही.

गेल्या वर्षी माझी नणंद ऑस्ट्रेलियात बाळंत झाली. लेकीकडे जायचं म्हटल्यावर आई तयार झाल्या, पण एकट्या विमानाने जायला घाबरत होत्या. नवऱ्याला कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून मी सोबत गेले. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा नणंद म्हणाली, आई घरात बसून कंटाळलीय, आपण तिला इथले प्राणी दाखवू.

प्राणी बघायचे म्हणजे झाडी, मोठाले पिंजरे आणि भरपूर चालणं, असं मी धरून चालले होते. ट्रेनमधून उतरल्यावर नणंदेने बाबागाडी ढकलत आम्हाला नेलं ते शहराच्या ऐन मध्यभागी, एका काचेच्या इमारतीसमोर. एका बाजूला हॉटेल होतं, दुसऱ्या बाजूला कॉफीचं दुकान.

आईंनी वर बघितलं. हितं कुटं जनावरं ठेवली असतील, असं त्यांनी मला विचारलं. मलाही तेच वाटत होतं.

आत लिफ्ट होती. वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर लाल मातीत कांगारू पडलेले दिसले. आपल्याकडे उन्हात कुत्री आडवी होतात तसे, एका कुशीवर. आईंनी माझं मनगट घट्ट धरलं. इमारतीच्या पोटात एवढी माती आणली कशी, हे त्या कितीतरी वेळ विचारत राहिल्या. पुढे एका झाडाच्या बेचक्यात कोआला झोपला होता. आईंनी नाक वर केलं, वास घेतला आणि म्हणाल्या, ही तर नीलगिरी. आमच्या बांधावर सामाजिक वनीकरणवाल्यांनी लावलेल्या नीलगिरीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तोच पाला खाऊन हा प्राणी जन्मभर जगतो, दुसरं काही खातच नाही, असं नणंदेने सांगितलं तेव्हा आई तिच्याकडे बघतच राहिल्या. लेक आपली चेष्टा करतेय असंच त्यांना वाटलं असणार.

खालच्या मजल्यावर एक दालन जवळजवळ अंधारं होतं. रात्री जागणारे प्राणी लोकांना दिवसा हिंडताना दिसावेत म्हणून तिथे दिवसाची रात्र केली होती आणि लोक घरी गेले की दिवे लावून त्यांचा दिवस करायचे. अंधुक निळ्या उजेडात लांब शेपटीचं काहीतरी फांदीवरून फांदीवर गेलं. नणंदेने ही दिवस-रात्रीची उलटापालट सांगितली तेव्हा मात्र आईंना ती चेष्टा वाटली नाही. त्या जनावरांना कधी कळनारच न्हाई व्हय, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

साप टाळायचे हे नणंदेने आणि मी घरूनच ठरवलं होतं. पण त्या इमारतीतून बाहेर जायची वाट एकच होती, आणि ती सापांच्या बोळातून जात होती. दोन्ही बाजूंना भिंतीत बसवलेल्या काचेच्या पेट्या. बाहेर पडायचं तर तो बोळ ओलांडायलाच हवा. मी आईंच्या उजव्या हाताला झाले, नणंदेने डाव्या बाजूने बाबागाडी घेतली आणि बाळाबद्दल काहीबाही बोलत आम्ही झपाझप चालू लागलो.

मध्येच आईंचा हात माझ्या हातातून सुटला.

त्या एका पेटीसमोर उभ्या होत्या. आत वाळूवर एक छोटासा साप होता, हातभर लांब असेल नसेल. काळाकुळकुळीत, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढऱ्या कड्या चढवल्यासारखे पट्टे. आईंनी काचेवर बोट टेकवलं.

“ह्योच,” त्या म्हणाल्या.

नणंदेने बाबागाडी तिथेच सोडली आणि पाटी वाचून दाखवली. हा साप फक्त ऑस्ट्रेलियातच सापडतो, आपल्याकडे नसतो, असं ती समजावत राहिली.

“आसंल हितला. पन आसाच व्हता. काळा, आन आंगावर पांढरी वळी.”

“अगं, पण दादानं मारला तो पिवळा होता ना? काका सांगतात की, केवढा लांब पिवळाजर्द होता म्हणून.”

आईंनी काचेवरचं बोट काढलं नाही.

“ती धामण व्हती,” त्या म्हणाल्या. “धामणीला कुटं इख असतं?”

लग्न झाल्यापासून मी ती गोष्ट ऐकत आले होते, माझ्या माहेरच्यांनाही सांगितली होती. बोळाच्या टोकाला एक बाक होता. तिथे आम्ही आईंना बसवलं, आणि शाळेची पोरं समोरून गलका करत जात असताना आईंनी सगळं सांगितलं, शेतातल्या कामाबद्दल सांगावं तशा आवाजात.

त्या पहाटे सासरे पोराला खांद्यावर टाकून जीपकडे पळाले, आणि आई मागे राहिल्या, कारण धाकटी, म्हणजे माझी नणंद, घरात झोपली होती. पोराचं अंथरूण आवरायला त्यांनी गोधडी उचलली. तिच्याखालून काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं लांबडं निघालं आणि चुलीमागच्या बिळात गेलं. ती मण्यार होती. पोटदुखी कशाची ते आईंना तेव्हा कळलं. त्या धावत रस्त्यापर्यंत गेल्या, पण जीप निघून गेली होती. दुपारी पोराला परत आणलं ते तसंच. मग गावातली माणसं काठ्या घेऊन घर, गोठा, गंजी उपसायला लागली. संध्याकाळी माझा नवरा काठीवर ती लांबलचक पिवळी धामण घेऊन अंगणात आला आणि ती आईंच्या पायाशी टाकून म्हणाला, आई, मारला बघ.

“समद्यांना दिसत व्हतं ती धामण हाय म्हून. येकजन बोलला न्हाई. आन त्याचं त्वांड बगितल्यावर मी तरी काय बोलनार? म्हनलं, बरं केलंस बाबा.”

नणंदेने विचारलं, मग ती खरी मण्यार? ती घरातच राहिली?

दुसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, आईंनी चुलीमागचं बीळ दगड घालून शेणमातीने लिंपून टाकलं होतं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सासऱ्यांनाही नाही. मग आमच्या दोघींकडे बघून त्या म्हणाल्या, “त्याला सांगू नगा. भावासाटी त्याच्या हातनं तेवढंच झालं.”

आम्ही बाहेरच्या दालनात आलो तर खाकी चड्डी घातलेली एक मुलगी हातावर अजगर घेऊन उभी होती. फिकट पिवळसर, अंगावर गालिच्यासारखी नक्षी. मुलं रांगेने येऊन त्याला हात लावत होती. मी आईंना घेऊन भिंतीकडेने निघाले, पण त्या सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला, मुलगी दाखवत होती तसा पंजा पसरला आणि सापाच्या पाठीवर ठेवला. काढलाच नाही. मागची पोरं थांबली. नणंदेने कसाबसा एक फोटो काढला.

“गार हाय,” आई म्हणाल्या.

तो फोटो नणंदेने घरच्या ग्रुपवर टाकला. नवऱ्याचा लगेच मला फोन आला. आईनं हात लावला का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग ड्यूटीची वेळ झाली म्हणून त्याने फोन ठेवला.

परत आल्यावर मी मोठ्या पेचात पडले. नवऱ्याशी बोलताना माझी नजर दुसरीकडे जायची. इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवून या बाईने इतकी वर्षं भाकऱ्या कशा थापल्या, ते मला कळेना. मला दोन-तीन महिनेही जड जात होते.

दिवाळीत चुलत सासरे फराळाला आले. घोटावड्यातल्या नव्या बांधकामांवर साप फार निघतात यावरून विषय निघाला आणि त्यांनी चिवड्याची बशी खाली ठेवून त्यांची नेहमीची गोष्ट सुरू केली. नवरा उठला आणि मागच्या अंगणात गेला. या वेळी आई मध्येच म्हणाल्या, भावजी, पुरं झालं आता ते. चुलत सासऱ्यांनी चिवड्याची बशी परत उचलली. आई उठून मुलाच्या मागे गेल्या. मला राहवेना, मीही गेले.

आता तिथे गंजी नाही, भाड्याच्या खोल्या आहेत. नवरा त्यांच्या पायरीवर बसला होता. आई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

“तू मारलीस ती धामण व्हती,” त्या म्हणाल्या.

त्याने वर बघितलं. “म्हाईत हाय मला.”

“कवापासनं?”

“मारली तवाच. काठीवर घेतली तवा समदी दिसली की. टाकून देनार व्हतो, पन काकानं म्हनलं, ने, आईला दाखव.”

आई खाली बसल्या, पायरीवर नाही, तिथेच फरशीवर. तो आईंकडे न बघता बोलत होता. “तू म्हनलीस बरं केलंस. मला वाटलं, तुला तेवढाच आधार झाला. मंग मी कसा सांगू?”

थोड्या वेळाने तो म्हणाला की खरा साप अजून घरातच आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं त्याला वाटत होतं. धाकटी जमिनीवर झोपायची. म्हणून सगळे झोपले की तो बॅटरी घेऊन तिच्या अंथरुणाशी बसायचा. उजाडेपर्यंत. पुढचं सबंध वर्षभर.

आईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “आरं, बीळ मी दुसऱ्याच दिशी लिंपलं व्हतं.”

“मला सांगायचंस की,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पण आईंचा चेहरा असा झाला की मी पुढे होऊन त्यांना धरलं. तेवढ्यात भाडेकरू मुलं जिन्यावरून खाली आली, आम्हाला तसं बसलेलं बघून थबकली, आणि ‘हॅपी दिवाळी’ म्हणून घाईने निघून गेली. नवऱ्याने आईंना हाताला धरून उठवलं आणि आत नेलं. चुलत सासरे निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी नणंदेला फोनवर सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. मागे बाळ रडत होतं, तरी ती उठली नाही.

मग म्हणाली, लहानपणी तिला कधीही जाग आली की दादा शेजारी बॅटरी घेऊन बसलेला दिसायचा. तो अभ्यास करतोय असं समजून ती पुन्हा झोपायची.

“पण त्याच वर्षी तर तो नापास झाला होता,” ती म्हणाली. “बाबांनी केवढं मारलं होतं त्याला.”