चौथऱ्यावरची नाव

दत्तूमामा नावाडी बुडाले, हे मला जयसिंगपुरात कळलं. पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेत मी चादरी वाटत होतो. आमच्या गल्लीतली शांताकाकू ट्रॅक्टरमधून उतरली. "मला सोडलं आन् परत फिरला रं तुझा मामा... काहील उलटली." रडू नाही, राग आला. महिना झाला, अजून उतरलेला नाही.

काहील म्हणजे गूळ करायची भलीमोठी कढई. पुरात दुसरं काही नसलं की आमच्याकडं माणसं तिच्यात बसतात. आमच्या गावात दुसरं होतं. गावची सागवानी नाव होती, मामांच्या हातातली. पूल झाला, नाव थांबली, आणि नगरपालिकेला वारशाचा पुळका आला. नाव चौकात आणून चौथऱ्यावर सिमेंटात जखडली. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पाडली, निळा रंग फासला, खाली झेंडू लावला. मामांना शाल दिली. मामांनी माईकवरच विचारलं, "सायेब, पूर आला तर ही काढायची कशी?" साहेब हसले. लोकही हसले.

नाव मोकळी करा म्हणून मी नगरपालिकेविरुद्ध पत्रक छापलं. मामा म्हणाले, "लई शिव्या घातल्यास की. अर्ज कर."

"अर्जानं काय होतंय, मामा?"

"शिव्यांनी तरी काय झालं?"

आणि बादली उचलून चौकात गेले. लाकूड सुकलं की फळ्या फाटतात, म्हणून रोज संध्याकाळी ते नावेत पाणी ओतायचे. ते भोकांतून खाली गळायचं. चहावाला चेष्टा करायचा, "मामा, झेंडू झ्याक आलाय की तुमचा." मामा म्हणायचे, "भोकं बुजवता येत्यात. फळी फाटली की संपलं."

पूर आला. सरकारी बोट 'निघाली आहे' एवढंच ऐकू येत होतं. मामा पहार घेऊन चौथऱ्यावर घाव घालत राहिले, असं काकू सांगते. पाणी छातीला लागलं तेव्हा पहार टाकली आणि काहील ढकलली. काकूला उंचावर पोचवलं. दुसऱ्या खेपेला भोवऱ्यात सापडले... सिमेंट मात्र हललं नाही. काम पक्कं होतं, मानलं पाहिजे.

आता तिथं मामांच्या फोटोची पितळी पाटी बसणार आहे. परवा मी चौकात गेलो. झेंडू वाहून गेलाय. नळाखाली मामांची बादली आहे, आणि शांताकाकू ती भरत होती. मी नावेत चढून फळ्यांवरनं हात फिरवला. एकही फाटलेली नाही.

पाटी ठेवा बाजूला. पहार द्या.